फ्लाय रॉडला गाईड कुठं बांधायचे: आधी सरकवा, मग आवळा

फ्लाय रॉड म्हणजे पिसादोऱ्याची खोटी माशी फेकून मासे धरायची लवचिक नळी, आणि गाईड म्हणजे तिच्यावर बांधलेली कडी, ज्यातनं लाईन म्हणजे दोरी जाते. माझ्या पहिल्या फ्लाय रॉडवर मी गाईड बांधले ते सरळ भागाकार करून. रॉड ९ फुटी, गाईड १०, टोकापासून शेवटच्या गाईडपर्यंत साधारण १९५ सेंटीमीटर, म्हणजे दर साडेएकोणीस सेंटीमीटरला एक, झालं काम. दिसायला एकदम शिस्तीत, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांसारखे. दोरा गुंडाळला, इपॉक्सी म्हणजे वाळून कडक होणारा लेप लावला, दोन दिवस वाळवलं आणि हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाऊन पहिल्यांदा लाईन फेकली तेव्हा कळलं, शेंड्याकडची लाईन नळीवर फटाफट आपटतीय आणि बाहेर पळायच्या ऐवजी मधेच अडखळतीय. घरी येऊन ब्लेडनं सगळे दोरे कापले, कापताना नळीवर एक चरा पडला, तो मला दिसलाही होता पण म्हणलं चालतंय, आणि पुढच्याच महिन्यात गळ दगडात अडकला म्हणून जरा ओढला तर रॉड बरोबर त्या चऱ्यावरच मोडला.

नंतर एकदा कामानं मिरजेत सतारी बनवतात त्या गल्लीत गेलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते बोर्डबिर्ड बघत फिरत होतो तर एका दुकानात एक चाचा सतारीच्या दांडीवर पडदे बांधत बसलेले. सतारीचे पडदे गिटारसारखे ठोकून बसवलेले नसतात, धातूची वाकवलेली पट्टी दांडीवर दोऱ्यानं बांधलेली असते आणि ती सरकते. आणि भोपळ्याकडं जाताना पडदे जवळजवळ येत जातात. मी उभ्याउभ्याच विचारलं, "चाचा, हे मोजून बांधता काय?" चाचा मान वर न करता म्हणाले, "मोजून बांधायचा, मग कानानं सरकवायचा. बांधला म्हणजे झालं असं नसतंय बाळा."

तिथंच माझी ट्यूब पेटली. गाईडचं पण सेम आहे, अंतरांचा तक्ता फक्त सुरुवात करून देतो, खरी जागा तुमच्या हातातली नळी वाकून सांगते. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त काम दोरा हातात घ्यायच्या आधीचं आहे, ते कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका.

गाईड करतो काय

साध्या गळाच्या रॉडमध्ये आपण शिसं किंवा चमच्यासारखं धातूचं आमिष फेकतो आणि बारीक दोरी त्याच्या मागनं पळते. फ्लायमध्ये उलटं आहे, माशी म्हणजे पिसं आणि दोऱ्याची गुंडाळी, तिला वजनच नाही, त्यामुळं फेकायची ती लाईनच. लाईन म्हणूनच जाड आणि जड असते, ५ नंबरची लाईन म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, आपल्या भाषेत साधारण ९ ग्रॅम. ही जाड लाईन दोन गाईडच्या मधे झोळ खाते, नळीला चिकटते, विशेषतः ओली असली की. गाईड जास्त लांब लांब असले तर झोळ वाढतो, आणि मासा लागून रॉड वाकला की लाईन प्रत्येक गाईडपाशी कोपरा करून जाते, सगळा ताण त्या एका जागेवर.

मग भरपूर गाईड लावू की, असं वाटतं. पण शेंड्याला एकेक गाईड म्हणजे धातू, त्यावर दोरा, त्यावर इपॉक्सी, आणि शेंड्याचं वजन हाताला सगळ्यात जास्त जाणवतं, रॉड सुस्त होतो. बैलगाडीच्या चाबकाला टोकाशी घुंगरू बांधल्यासारखं. म्हणून ठोकताळा असा की रॉड जितक्या फुटी त्यात एक मिळवा, तितके गाईड, टिपटॉप म्हणजे अगदी टोकावरचं कडं धरायचं नाही. ९ फुटीला १० गाईड, त्यातला मुठीकडचा एक स्ट्रिपिंग गाईड आणि वरचे ९ स्नेक. ८ फुटीला ९. एखादा इकडंतिकडं चालतो.

स्नेक गाईड म्हणजे सापासारखी वळलेली नुसती तार, दोन्हीकडं पाय, हलका. स्ट्रिपिंग गाईड म्हणजे आत गुळगुळीत कडं बसवलेला मोठा गाईड, कारण रीलकडून येणारी लाईन तिथंच सगळ्यात जास्त घासते. ५ नंबरच्या रॉडला स्ट्रिपिंग १० किंवा १२ मिलीमीटरचा, मग वर जाताना ४ नंबरचा एक, ३ चा एक, २ चे दोनतीन आणि उरलेले सगळे १ नंबरचे, असा क्रम धरा. १/० म्हणून अजून बारीक येतो, पण नवीन माणसानं त्याच्या नादी लागू नये, लाईन आणि लीडर म्हणजे तिच्या पुढची बारीक दोरी यांच्या मधली गाठ त्यात अडकते आणि ऐन वेळेला मासा जवळ आल्यावर अडकते.

सामान

ब्लँक म्हणजे नुसती नळी, गाईडचा सेट, टिपटॉप, रॉड गुंडाळायचा नायलॉनचा ए साइजचा दोरा, दोन बाटल्यांची रॉड फिनिश इपॉक्सी, हे बाहेरनं मागवावं लागतं, सांगलीत मला तरी कुठल्या दुकानात मिळालं नाही. बाकी सगळं घरात आहे: मास्किंग टेप, बारीक रबरबँड, स्टीलचा टेप, पांढरी पेन्सिल, बारीक दातांची कानस, पॉलिश पेपर, नवीन ब्लेड. शिलाईच्या दुकानातला साधा दोरा आणू नका, त्याचे तंतू इपॉक्सीत केसांसारखे उभे राहतात आणि नंतर बोट फिरवलं की कुसळं टोचल्यासारखं वाटतं.

नळीचा पाठीचा कणा

कार्बनची नळी म्हणजे निमुळत्या पोलादी सळईवर कापड गुंडाळून भट्टीत पक्की केलेली गोष्ट, कापड जिथं एकावर एक येतं ती बाजू जरा ताठ राहते, तिला स्पाईन म्हणतात. शोधायची पद्धत सोपी, शेंड्याच्या तुकड्याचं जाड टोक टेबलावर टेकवा, दुसऱ्या टोकाला एका हाताचं बोट आधाराला द्या, दुसऱ्या हातानं मधे हलकं दाबून वाकवा आणि गोल फिरवा, एका ठिकाणी नळी टुणकन उडी मारून स्वतःच बसते. तिथं पेन्सिलनं खूण.

आता त्या खुणेच्या बाजूला गाईड बांधायचे का विरुद्ध बाजूला, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर नळी सरळ दिसते कशी ते आधी बघा. प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम लावून फिरवा, थोडा वाक बहुतेक नळ्यांना असतोच. तो वाक असा ठेवा की गाईड खाली असताना टोक किंचित वर उचललेलं राहील, गाईड आणि लाईनच्या वजनानं ते सरळ होतं. स्पाईन आणि हा वाक जुळला तर उत्तम, नाही जुळला तर मी वाकाचं ऐकतो.

सगळे तुकडे घट्ट जोडून झाले की प्रत्येक जोडावर दोन्हीकडं टेपचा तुकडा लावून समोरासमोर रेघ मारा. नंतर रॉड दहादा सोडणार, दहादा जोडणार, दर वेळी तोच तुकडा त्याच कोनात आला पाहिजे.

टिपटॉप आत्ताच बसवा, कारण सगळं मोजमाप त्याच्या टोकापासून आहे. तो चिकटवायला इपॉक्सी नको, गरम करून वितळणारा ग्लू वापरा, काडी मेणबत्तीवर धरली की झालं. टिपटॉप पुढंमागं कधीतरी बदलावा लागतोच, तेव्हा जरा ऊब दिली की निघतो, इपॉक्सीनं लावलेला काढताना शेंडाच हातात येतो.

आकडे काढू

इथं जरा गणित आहे, पण सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही.

टोकापाशी नळी सगळ्यात बारीक, सगळ्यात जास्त वाकते, तिथं गाईड जवळ जवळ. खाली येताना नळी ताठ होत जाते तसं अंतर वाढवायचं, आणि प्रत्येक वेळी सारख्याच मापानं वाढवायचं. म्हणजे तीन गोष्टी ठरवायच्या: पहिलं अंतर किती, स्ट्रिपिंग गाईड कुठं, आणि मधे दर वेळी वाढ किती. पहिल्या दोन ठरल्या की तिसरी आपोआप निघते.

पहिलं अंतर १० ते १३ सेंटीमीटरच्या मधे धरा, मी ११ धरतो. स्ट्रिपिंग गाईड रॉडच्या बुडापासून ७५ ते ८५ सेंटीमीटरच्या आसपास. तो जास्त खाली आणला तर रील आणि गाईडमधली लाईन विचित्र कोनात येते, जास्त वर नेला तर मधला झोळ मुठीपाशी गुंडाळतो. पण हे तुमच्या हातावरही आहे, मूठ धरून उभं राहा, डावा हात पुढं पसरा, बोटं साधारण त्या गाईडपर्यंत पोचली पाहिजेत. माझा मेव्हणा सव्वासहा फुटी आहे, त्याच्या रॉडवर तो गाईड माझ्यापेक्षा ४ सेंटीमीटर वर आहे.

९ फूट म्हणजे २७४ सेंटीमीटर. समजा स्ट्रिपिंग गाईड टोकापासून १९१ वर हवा, म्हणजे बुडापासून ८३. दहा अंतरं, प्रत्येकात ११ तर आहेतच, ते झाले ११०. १९१ मधनं ११० गेले, राहिले ८१. हे ८१ वाटायचे कसे, तर पहिल्या अंतरात वाढ शून्य, दुसऱ्यात एक पट, तिसऱ्यात दोन पट, असं दहाव्यात नऊ पट. शून्यापासून नऊपर्यंत बेरीज ४५. ८१ भागिले ४५, आले १.८. म्हणजे दर अंतर आधीच्यापेक्षा १.८ सेंटीमीटरनं मोठं. गाईड ९ असले तर ११० च्या जागी ९९ आणि ४५ च्या जागी ३६ घ्या, बाकी सगळं तेच.

हे टोकापासून मांडलं तर आकडे येतात ११, २३.८, ३८.४, ५४.८, ७३, ९३, ११४.८, १३८.४, १६३.८ आणि १९१.

आता इथं गंमत. माझी नळी चार तुकड्यांची, जोड टोकापासून साधारण ६८.५, १३७ आणि २०५.५ वर. आठवा गाईड १३८.४ वर, म्हणजे त्याचा वरचा पाय बरोबर मधल्या जोडाच्या तोंडावर. जोडावर गाईड नको, वरच्या तुकड्याची नळी तिथं खालच्यावर चढते, शेवटचे चारपाच सेंटीमीटर एकावर एक असतात, ते काढताघालताना हाताला जागा लागते आणि पाय तिथं बसतही नाही नीट. पहिल्यांदा मी काय केलं, तो एकच गाईड उचलून अडीच सेंटीमीटर खाली ढकलला, तर त्याच्या वरचं अंतर २६ च्या वर गेलं आणि खालचं २३ च्या आत आलं, लाईन तिथं उंटाच्या पाठीसारखी दिसायला लागली.

एक गाईड ढकलायचा नाही, वाढच बदलायची. १.८ च्या ऐवजी १.९ घेतले, नुसता एक मिलीमीटर, आणि नवीन आकडे असे: ११, २३.९, ३८.७, ५५.४, ७४, ९४.५, ११६.९, १४१.२, १६७.४, १९५.५. आठवा गाईड जोडापासून चार सेंटीमीटर खाली सरकला, पाचवा ६८.५ च्या जोडापासून अजून लांब गेला, स्ट्रिपिंग गाईड बुडापासून साडेअठ्ठ्याहत्तरवर आला जो चालतोय. सगळी साखळी तशीच गोड राहिली. तुमचे जोड वेगळ्या जागी असतील, आकडे तुमचे तुम्हीच काढा, हे माझे जसेच्या तसे उचलू नका.

मोजताना दोन चुका सगळेच करतात. एक म्हणजे एका गाईडपासून दुसऱ्यापर्यंत असं तुकड्यातुकड्यानं मोजणं, दर वेळी मिलीमीटर दोन मिलीमीटर चुकतात आणि दहाव्यापर्यंत ते साठतात. टेप एकदाच टिपटॉपला लावा आणि सगळे आकडे त्या एका टेपवरनं घ्या. दुसरी म्हणजे टेपच्या पुढचा हूक, तो थोडा हलतो, त्यामुळं मी १० च्या खुणेपासून मोजायला सुरुवात करतो आणि प्रत्येक आकड्यात १० मिळवतो (आणि एकदा १० मिळवायलाच विसरलो होतो, ते जाऊदे). खूण स्नेक गाईडच्या मध्यावर आली पाहिजे, पायाच्या टोकावर नाही.

गाईडचे पाय घासणे

हे काम कुणाला आवडत नाही आणि म्हणून बाजारातले बरेच रॉड इथंच मार खातात. गाईडचा पाय कारखान्यातनं येतो तेव्हा त्याचं टोक बोथट असतं, दोरा नळीवरनं पायावर चढताना तिथं पायरी लागते, फट राहते, फटीत इपॉक्सी नीट बसत नाही. कानशीनं पायाची वरची बाजू उतरती घासा, टोक सुरीच्या धारेसारखं पातळ होईपर्यंत. मग खालची बाजू पॉलिश पेपरवर एक-दोनदा ओढून गुळगुळीत करा, कारण तिथं राहिलेला धातूचा काटा नळी कोरतो आणि चऱ्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. घासून झालेला पाय नखावर ओढून बघा, अडकला तर परत घासा.

पाय टेबलावर ठेवल्यावर सपाट टेकतो का तेपण बघा, एक पाय वर एक खाली असेल तर पक्कडीनं हळूच सरळ करा. वाकडा पाय दोऱ्यानं ओढून बसवला तर नळीवर कायमचा ताण राहतो.

आता वाकवा

सगळे गाईड एकेका पायावर बारीक रबरबँड घालून खुणांवर लावा. रॉडच्या बुडाला रील, त्यातनं खरीखुरी फ्लाय लाईन सगळ्या गाईडमधनं काढा. रॉडची मूठ खुर्चीच्या पाठीला किंवा खिडकीच्या गजाला जुन्या कापडात गुंडाळून बांधा, साधारण ४५ अंशात वर. लाईनच्या टोकाला पाण्याची छोटी बाटली. आधी नुसतं १०० मिलीलिटर पाणी घाला, मग थोडं थोडं वाढवा. रॉड आधी शेंड्याला वाकेल, मग वाक खाली उतरत येईल. फार लोभ करू नका, मधला तुकडा नीट वाकला की थांबा.

आता लांब जाऊन बाजूनं बघा, मागं पांढरी भिंत असली तर सोन्याहून पिवळं. फ्लाय रॉडचे गाईड खालच्या बाजूला म्हणजे वाकाच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळं लाईन दोन गाईडच्या मधे धनुष्याच्या दोरीसारखी सरळ जाते आणि नळी तिच्यापासून लांब पळते. ही फट सगळीकडं साधारण सारखी दिसली पाहिजे, किंवा खाली येताना हळूहळू बदलली पाहिजे. एखाद्या ठिकाणी अचानक मोठी फट दिसली तर तिथले दोन गाईड एकमेकांपासून लांब आहेत. एखाद्या गाईडपाशी लाईन कोपरा करून मुडपतीय तर तो गाईड एकटा सगळा भार घेतोय, त्याच्या वरचा किंवा खालचा शेजारी त्याच्याकडं पाचेक मिलीमीटर सरकवा. आणि दोन गाईडच्या मधे लाईन अगदी नळीला लागून जातीय, तिथं दाटी झालीय, ते गाईड पसरवा.

मी फोनवर फोटो काढतो, एक सरकवण्याआधी, एक नंतर. डोळ्याला सवय होते आणि तो मग सगळं बरोबरच आहे म्हणतो, फोटो तसं म्हणत नाही. पहिल्या वेळी मला हे जमायला तीन संध्याकाळी गेल्या, आई विचारायची हे काय चाललंय खिडकीला बाटल्या बांधून, कावळ्यांना पाणी ठेवलंय का.

वेगवेगळ्या वजनाला वेगवेगळं दिसतं हे लक्षात घ्या. कमी वजनाला वरच्या चारपाच गाईडचं बघा, जास्त वजनाला खालच्या. एका वजनावर सगळं परफेक्ट करायला जाल तर वेडे व्हाल.

बाटलीची परीक्षा झाली की रबरबँडच्या जागी मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या घट्ट बांधून रॉड मैदानावर न्या आणि फेकून बघा, पाण्याची गरज नाही, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. कान द्या. लाईन सुटताना सूऽऽ असा एकसारखा आवाज आला पाहिजे, फटफट आला तर कुठंतरी नळीवर आपटतीय. जमलंच तर एक गाईड काढून, आकडे परत मांडून फेकून बघा. मी एकदा दहाच्या जागी नऊ लावून बघितले, लाईन थोडी सुटसुटीत गेली असं वाटलं, पण मोठी चिलापी लागल्यावर मधल्या भागात कोपरा दिसायला लागला, परत दहावर आलो.

मग आवळा

आता दोरा. नळी दोन खोक्यांत व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यावर ठेवा, खाचेला कापड चिकटवा. दोऱ्याची रीळ एका कपात ठेवा आणि दोरा एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमधनं ओढून घ्या, पुस्तकावर अजून पुस्तकं ठेवली की ताण वाढतो, काढली की कमी होतो. ताण किती, तर दोरा घट्ट बसला पाहिजे पण शेवटी गाईड अंगठ्यानं दाबल्यावर किंचित सरकला पाहिजे. फार आवळून बांधणारे नवीन लोक मी बघितलेत, पातळ शेंड्यावर ते धोक्याचं आहे.

एक पाय मोकळा ठेवून त्यावर टेप, दुसऱ्या पायावर दोरा. पायाच्या टोकाच्या तीनचार मिलीमीटर अलीकडं नळीवर सुरू करा, दोऱ्याचं टोक खाली दाबून त्यावरनं पाचसहा वेढे, टोक कापा, मग नळी आपल्याकडं फिरवत जा, दोरा आपोआप पायावर चढतो. दर थोड्या वेढ्यांनी नखानं वेढे मागं ढकलून फटी बुजवा. शेवटचे सातआठ वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा दुमडलेला फास ठेवा, त्यावरनं उरलेले वेढे घाला, दोरा कापून टोक फासात ओवा आणि फास ओढून घ्या, टोक वेढ्यांच्या खालनं बाहेर येतं. ते नवीन ब्लेडनं, एका फटक्यात, वरच्या वर कापा, नळीवर ब्लेड टेकवून नाही!

जोडाच्या जागी, वरच्या तुकड्याच्या उघड्या तोंडाशी, दोनअडीच सेंटीमीटर नुसता दोरा गुंडाळायचा असतो, गाईड नसला तरी. आतली नळी घुसताना तोंड फाटू नये म्हणून. लोक हे विसरतात आणि मग नळी बनवणाऱ्याला शिव्या देतात.

सगळे बांधून झाले की रॉड जोडा आणि मुठीकडनं एक डोळा मिटून बघा. सगळे गाईड एका रेषेत आहेत का. नसतील तर दाबून सरकवा, आत्ताच, कारण ही शेवटची संधी. एकदा इपॉक्सी लागली की पडदा सरकत नाही.

इपॉक्सी आणि आपलं हवामान

दोन्ही बाटल्यांतलं समान माप, सिरिंजनं मोजून, दोन बाटल्यांना दोन वेगळ्या सिरिंज. डोळ्यानं अंदाज घेऊ नका, माप चुकलं तर आठवडाभर चिकट राहतं. हळूहळू ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरेल इतकाच, ब्रशनं. मग रॉड आडवा ठेवून फिरवत राहायचा, नाहीतर खाली थेंब लोंबतो. मोटर असेल तर हळू फिरणारी, नसेल तर हातानं, सुरुवातीला दर दोनतीन मिनिटांनी अर्धा फेरा, मग वेळ वाढवत, तीनचार तास. मी मॅच लावून बसतो, ओव्हर संपली की अर्धा फेरा. बुडबुडे दिसले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालनं क्षणभर फिरवा, थांबवू नका एका जागी. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

आणि महिना बघून करा. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं हवेतच पाणी असतं, माझी एक इपॉक्सी त्या दिवसांत अशी पांढुरकी धुरकट झाली की खालचा हिरवा दोरा दिसेना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, थंडीत इपॉक्सी घट्ट वाटली तर बाटल्या बंद करून पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटी पंचाईत, कपातल्या कपात घट्ट होते, तेव्हा थोडी थोडी कालवा आणि सकाळी सहाला बसा.

वाळल्यावर हाताला कोरडी लागते पण आतनं पूर्ण कडक व्हायला आठवडा जातो, तोवर रॉड वाकवू नका, कितीही हात शिवशिवले तरी. त्या आठवड्यात तुमचे शेवटचे आकडे, म्हणजे सरकवून झाल्यावरचे, एका कागदावर लिहून रॉडच्या नळकांड्यात टाकून ठेवा. माझ्या दुसऱ्या रॉडचा तिसरा गाईड गेल्या वर्षी एसटीच्या दारात अडकून उपटला, तो कागद होता म्हणून दहा मिनिटांत नवा त्याच जागी बसला: ३८.७ नाही, ३९.१.